गणिताची भीती आणि पाण्याचा टेम्पो

"चहा घेणार का?" सरांनी विचारलं.

पहिलीच भेट, त्यात मी पीएच.डी.साठी गाईड मागायला आलेली. संकोचून म्हणाले, "नको सर, आत्ताच झाला."

सरांनी मान डोलावली. मग विषयाचं बोलणं सुरू झालं, आणि ते रंगात आलेलं असताना मध्येच त्यांनी विचारलं, "समजा, आज इथं चहा मिळालाच नाही, तर तुम्हाला वाईट वाटेल का?"

आता काय बोलावं? मी हसून म्हणाले, "थोडं वाटेल."

सर खुर्चीतून अर्धे उठले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अहो, या बाई चहाच्या बाबतीत विश्वसनीय नाहीत!"

आतून त्यांच्या पत्नीचा, काकूंचा आवाज आला, "म्हणजे टाकू की नको?"

"राहू द्या. पुढच्या रविवारी पुन्हा विचारू."

त्या दिवशी मी चहाविना परतले, पण गाईड मिळाला. पुढे कळलं की एकच गोष्ट सुलट आणि उलट अशी दोनदा विचारायची, ही त्यांची जुनी खोड. दोन्ही उत्तरं जुळली तरच ते माणसाचं खरं मानत. काकूंना ते सकाळी विचारत, "आज पिठलं करायचं का?" आणि आंघोळीहून आल्यावर, "आज पिठलं नसलं तर चालेल का?" काकूंनी यावर स्वतःपुरता उपाय शोधला होता. त्या दोन्ही वेळेला "हो" म्हणत आणि मनात असेल ते करत.

सर नगरला एका शिक्षणशास्त्र महाविद्यालयात संख्याशास्त्र आणि मूल्यमापन शिकवत. परीक्षा, गुण, चाचण्या, मापन या विषयात कुणाला पीएच.डी. करायची असली की लोक त्याला सावेडीतल्या त्यांच्या घराचा पत्ता देत आणि पत्ता देताना हसत. हसण्याचं कारण दोन-चार रविवारांत आपोआप कळे. भाजीवाल्यानं टोमॅटो तोलून दिले की सर ते शेजारच्या गाड्यावर नेऊन परत तोलून घेत, आणि दोन्ही वजनं सारखी आली तरी समाधान नाही, म्हणत, "दोघांचे काटे एकाच दुकानातले असतील." त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ पुढे होतं. कुणी दुरुस्त करायला सुचवलं की चिडत. "ते रोज तेवढंच पुढे असतं. इतकं विश्वसनीय माणूस तरी आहे का या घरात?" काकू म्हणत, "लग्न झालं तेव्हा मला सांगितलं होतं, हा पायलट स्टडी आहे. मुख्य अभ्यास कधी सुरू होणार, विचारायची हिंमत नाही झाली."

एकदा गणेशोत्सवात त्यांच्या कॉलनीतल्या महिला मंडळानं थालीपीठ स्पर्धेला त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं. परीक्षक तिघे. तिघांचे गुण आले ते तीन दिशांना. दुसरा कुणी असता तर बेरीज करून नंबर काढून मोकळा झाला असता. सर माईक घेऊन म्हणाले, "परीक्षकांचं आपसात जमत नाही, तेव्हा या गुणांना काही अर्थ नाही. सगळी थालीपिठं क्रम बदलून परत खाऊ." परत खाल्ली. तरी जमेना. तिसऱ्या फेरीच्या वेळी एक परीक्षक पोट धरून घरी गेले, दुसऱ्यांनी फोन बंद केला आणि थालीपिठंही संपली. पहिल्या बक्षिसाचा कुकर नंतर वर्षभर मंडळाच्या कपाटात होता. ज्या बाईला आपण जिंकणार याची खात्री होती ती सरांशी त्यानंतर बोलली नाही, आणि ज्या बाईला आपण हरणार याची खात्री होती तिनं त्यांना दिवाळीला चकल्या पाठवल्या.

माझा विषय होता गणिताची भीती. मुलांना गणिताची किती भीती वाटते ते मोजणारी प्रश्नावली तयार करायची, आणि ती जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या शाळांत लावून ती नीट मोजते का ते सिद्ध करायचं. मी स्वतः शाळेत गणित शिकवते. मला वाटलं होतं, वाक्यं लिहायला कितीसा वेळ लागणार? पहिल्या खेपेला मी भराभर वाक्यं लिहून नेली. 'गणिताचे सर वर्गात आले की माझ्या पोटात गोळा येतो.' मुलांनी पुढे नेहमी, कधीकधी किंवा कधीच नाही यांपैकी एकावर खूण करायची.

सर ते वाक्य बराच वेळ बघत बसले. "कसला गोळा?"

"भीतीचा, सर."

"ते तुम्हाला माहीत आहे. पोराला काय माहीत?"

मला ते फारच ताणल्यासारखं वाटलं. पण शिर्डीच्या एका शाळेत प्रश्नावली लावून बघितली, तर एका गुबगुबीत मुलानं त्या वाक्यापुढे 'नेहमी'वर खूण करून शेजारी लिहिलं होतं, 'कालाखट्टा'. सरांनी तो कागद काकूंना दाखवला, शेजाऱ्यांना दाखवला, आणि मला आतल्या खोलीत बसवून खरोखर बर्फाचा गोळा मागवून खायला घातला.

त्याच शाळेत आणखी एक वाक्य निकालात निघालं. 'गणिताच्या पेपरआधी मी देवाला नमस्कार करतो.' शिर्डीतली झाडून सगळी मुलं 'नेहमी'. निम्म्या मुलांच्या घरची फुला-प्रसादाची दुकानं, शाळेचा रस्ता देवळावरून. ती इतिहासाच्या पेपरआधीही नमस्कार करत होती, चित्रकलेच्याही, आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा. "हे वाक्य भीती मोजत नाही," सर म्हणाले, "शिर्डी मोजतं. काढा." मी काढलं. त्यांच्या विषयाचं सगळं सार मला त्या एका वाक्यात कळलं असं आज वाटतं. तेव्हा मात्र फक्त राग आला होता, कारण काढलेलं नमस्काराचं वाक्य माझं आवडतं होतं.

सर म्हणायचे, "लांबी मोजायला फूटपट्टी लागते. भीती मोजायला निर्लज्जपणा लागतो. विचारत राहायचं."

असं विचारत विचारत दोन मुदतवाढी झाल्या. विद्यापीठानं तिसरी आणि शेवटची मुदत देताना पत्रात 'शेवटची' या शब्दाखाली रेघ मारली होती. माझ्या नवऱ्यानं घरात 'पीएच.डी.' हा शब्द उच्चारायचा सोडला होता. आता फक्त पूर्वेकडच्या कोरडवाहू भागातली एक शाळा राहिली होती. खर्ड्याच्या पुढे आत गेल्यावर एक गाव आहे, तिथली. आणि घाई अशासाठी होती की दिवाळी झाली की त्या गावातले निम्मे लोक ऊसतोडीला जातात, आणि त्यांच्याबरोबर निम्मा वर्ग.

मी एकटीच गेले, प्रश्नावली लावून आले, घरी येऊन उत्तरं संगणकात भरली. एका वाक्याशी गाडी अडली. 'गणिताच्या तासाला मला तहान लागते.' हे माझं सगळ्यात चांगलं वाक्य होतं. घाबरलं की घसा कोरडा पडतो. नगरच्या शाळांत ते अगदी चोख चाललं होतं. ज्याला भीती त्याला तहान, ज्याला नाही त्याला नाही. आणि इथं सगळा वर्ग 'नेहमी'. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारा पोरगासुद्धा 'नेहमी'.

सरांनी आकडे पाहिले आणि त्यांचे डोळे चमकले. "त्या शाळेत पाणी आहे का?"

मी आठवून सांगितलं. हापसा मोडलेला होता. टाकीला तडा होता. मुलं घरून बाटली आणायची आणि ती मधल्या सुट्टीआधीच संपायची. गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर.

"बाई," सर हळू आवाजात म्हणाले, जणू कुणी ऐकेल, "तुमचं वाक्य हापसा मोजतंय."

"मग काढून टाकू सर. हे एक वाक्य काढलं की संपलं. मुदत जवळ आलीय."

"काढायचं? सिद्ध न करता?" सर उठून उभे राहिले. "त्या मुलांना पोटभर पाणी पाजायचं आणि प्रश्नावली परत लावायची. तहान गेली आणि उत्तरं बदलली, तर पाणी. नाही बदलली, तर भीती."

मी काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "माझ्याकडे नका बघू. मी पायलट स्टडी आहे."

पुढच्या शनिवारी आम्ही निघालो. सरांनी जामखेडहून एक टेम्पो ठरवला होता आणि त्यात पाण्याचे मोठे जार भरले होते. सर ड्रायव्हरच्या शेजारी बसले, मी खिडकीशी. ऊन लागतं म्हणून त्यांनी पांढरी टोपी घातली होती, अंगात पांढरा सदरा होता, आणि माझ्या लक्षातच आलं नाही की हे सगळं बाहेरून कसं दिसत असेल.

गावाच्या पारावर बसलेल्या लोकांनी टेम्पो पाहिला, जार पाहिले, टोपी पाहिली, आणि ते उभे राहिले. ग्रामपंचायतीची निवडणूक तोंडावर आली होती. आम्हाला हे ठाऊक नव्हतं.

"कोन्च्या गटाचं हाय वो सायेब?" एकानं टेम्पोशेजारी चालत विचारलं.

सरांनी गंभीरपणे उत्तर दिलं, "अजून गट पाडलेले नाहीत. आधी पाणी द्यायचं, मग गट तपासायचे."

"आरं, अपक्ष हाय!" तो मागे वळून ओरडला.

आम्ही शाळेत पोचेपर्यंत आमच्यामागे मिरवणूक झाली होती. बायका हंडे घेऊन आल्या. एका म्हाताऱ्यानं सरांच्या पाया पडून आपल्या नातवाच्या दाखल्याचं काम सांगितलं. हेडमास्तर, म्हणजे एक घाबरट आणि भला माणूस, फाटकाशीच मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही संशोधन म्हणाला होतात."

"संशोधनच आहे हो."

"मग हंडे कशाला?"

तेवढ्यात मोटारसायकलवरून सरपंच आले. उंच, जाड मिशा, आणि चेहऱ्यावर पाच वर्षांत हापशाकडे न बघितल्याचा सगळा हिशेब. "कुनाला इचारून पानी वाटताय? तुमाला हितं धाडलं कुनी?"

"विद्यापीठानं," सर म्हणाले.

"मंजी थेट वरून!" सरपंचांचा आवाज उतरला. "हे बगा, हापशाचं सामान मंजूर हाय. उद्याच येनार हुतं."

"छे छे, तुम्ही काही करू नका," सर कळवळून म्हणाले. "हापसा दुरुस्त झाला तर माझं सगळंच बिघडेल."

सरपंचांनी सरांकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरणार नाही. इतका उघड बोलणारा विरोधक त्यांना आयुष्यात भेटला नसावा.

शेवटी हंडेवाल्या बायकांना थोडं पाणी देऊन आम्ही बाकीचं वर्गात नेलं. सरांनी मुलांना सांगितलं, "पोटभर प्या. लाजू नका." मुलं लाजली नाहीत. फुकटचं गार पाणी आणि वर आग्रह करणारा टोपीवाला. मुलं पैज लावून पाणी प्यायली. सर वर्गातून फिरत होते, "अजून थोडं? तहान उरायला नको हं!" मग मी प्रश्नावल्या वाटल्या.

तहानेच्या वाक्याला सगळ्यांनी 'कधीच नाही'वर खूण केली. सरांनी मला खुणेनंच सांगितलं, बघा. मी खूश झाले. आणि मग मुलं त्याच्या पुढच्या वाक्याशी आली.

'गणिताच्या तासाला मला वर्गाबाहेर जावंसं वाटतं.'

आधी एक हात वर झाला. "सर, जाऊ का?" मग दुसरा. मग उजवीकडचा सगळा बाक. कुणी पायावर पाय घट्ट दाबून 'नेहमी'वर खूण करत होतं, कुणी खूण अर्धी टाकून दाराकडे धावत होतं. हेडमास्तर दारात आडवे आले, "शिस्त! एकेक!", आणि मुलं त्यांच्या बगलेखालून निसटली. क्षणभरात वर्ग रिकामा. बाकांवर प्रश्नावल्या फडफडत होत्या आणि आम्ही दोघं उभे होतो.

"एक वाक्य सुधारायला गेलो," सर म्हणाले, "दुसरं बिघडलं."

मला रडू कोसळलं. तिथंच बाकावर बसून मी रडले. मुदत, रेघ मारलेला तो शब्द, गप्प बसलेला नवरा, सगळंच. सर कावरेबावरे झाले. खिशातून रुमाल काढून दिला, परत घेतला, झटकून परत दिला. "बाई, तुम्हाला आत्ता खूप वाईट वाटतंय का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. थोड्या वेळानं त्यांचे ओठ हलले. ते दुसरा, उलटा प्रश्न विचारणार हे मला दिसलं. पण त्यांनी तो गिळला. ओठांवर आलेल्या प्रश्नाला आवर घालताना त्यांना मी प्रथमच पाहिलं.

त्या टेम्पोचा परिणाम आमच्यावर झाला त्यापेक्षा सरपंचांवर जास्त झाला. थेट वरून आलेला, हापसा मोडकाच राहावा म्हणणारा उमेदवार परत येण्याआधी त्यांनी धडाक्यात हापसा दुरुस्त केला, शाळेवर नवी काळी टाकी बसवली, आणि टाकीवर आपलं नाव टाकीपेक्षा मोठं लिहिलं. हेडमास्तरांनी फोन करून कळवलं. आता मुलांना रोज पाणी होतं, आणि हवं तेव्हा थोडं थोडं पीत असल्यामुळे बाहेर पळायची घाईही नव्हती. सर म्हणाले, "आता परिस्थिती बदलली. परत लावायला हवी." दिवाळीच्या आधीच्या शेवटच्या दिवसांत आम्ही परत गेलो, एसटीनं आणि बिनटोपीचं.

मुलांनी शांतपणे प्रश्नावली भरली. सर व्हरांड्यात पायरीवर बसून एकेक कागद उलटत होते. आणि एकदम ते उठून ओरडले, "साप...डली!"

पहिली दोन अक्षरं ऐकल्यावर पुढचं कुणीच ऐकलं नाही. हेडमास्तरांनी घंटा बडवली, सगळी शाळा मैदानात धावली, शिपाई काठी घेऊन व्हरांड्यात घुसला. सर काठीसमोर कागद नाचवत सांगत होते, "भीती! भीती सापडली! शुद्ध! पाणी नाही, देव नाही, गोळा नाही!"

कागद सहावीतल्या एका मुलीचा होता. लाल रिबिनी, हाताला शाईचे डाग. तहान नाही, बाहेर जायचं नाही, पण भीतीच्या प्रत्येक वाक्याला 'नेहमी', आणि 'मजा येते' असल्या उलट्या वाक्यांना न चुकता 'कधीच नाही'. सरांनी तिला बोलावलं.

"तुला गणिताची भीती वाटते?"

"व्हय."

"गणिताच्या तासाला तुला मजा येते का?"

"न्हाई."

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "इतकी विश्वसनीय मुलगी मी पाहिली नाही, बाई." एखाद्याला भीती वाटते याचा इतका आनंद झालेला माणूस मीही पाहिला नव्हता.

मुलगी दोघांकडे बघत होती. मग म्हणाली, "मोजली न्हवं तुमी? मंग आता घालवा की."

"ते... ते माझ्या विषयात येत नाही, बाळ," सर म्हणाले.

"मंग कोनाच्या येतं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी नव्या टाकीकडे पाहिलं.

सर परत पायरीवर बसले, मुलीला शेजारी बसवलं. "नेमकी कशाची वाटते?"

"भागाकाराची. बाकी उरती त्याची."

"बाकी उरली तर काय होतं?"

"गुरुजी म्हनत्यात, चुकलं."

"कधी कधी उरतेच की."

"खरं?"

मग ते दोघं खडूनं फरशीवर काहीतरी मांडत बसले. आमची एसटी गेली. निघताना सर म्हणाले, "दिवाळीनंतर येतो, राहिलेलं पुढे करू."

"दिवाळीनंतर आमी कारखान्यावर," ती म्हणाली. "तिकडं पुनतांब्याकडं. कोपीत ऱ्हातो."

पुढचे दोन महिने मी प्रबंध लिहिण्यात बुडाले होते. तहानेचं वाक्य अखेर काढलं. ते का काढलं यावर एक आख्खं प्रकरण झालं. छापून, बांधून, मुदतीच्या तोंडावर सही घ्यायला सरांकडे गेले तर सर घरात नव्हते. काकूंनी या वेळी न विचारता चहा दिला आणि म्हणाल्या, "पुणतांब्याला जा. रविवारी तिकडेच असतात हल्ली. मला वाटलं, तुमचंच काहीतरी मोजायला जातात."

पुणतांब्याच्या अलीकडे रस्त्याला लागून उसाच्या पाचटाच्या कोप्या होत्या, ऊसतोड्यांच्या झोपड्या. बैल, धूर, कपड्यांच्या दोऱ्या. त्यातल्या एका कोपीसमोर सर मांडी घालून बसले होते. भोवती पोरंच पोरं, मधे उसाच्या कांड्यांचा ढीग. कांड्या सारख्या वाटायच्या आणि उरलेली कांडी सगळ्यांनी मिळून खायची, असा काहीतरी खेळ चालला होता. लाल रिबिनीवाली वाटप करत होती आणि मोठ्यानं ओरडत होती, "बाकी दोन! बाकी दोन उरल्या!" पोरं त्या दोन कांड्यांवर तुटून पडली. बाकी उरली म्हणून इतका गोंधळ मी माझ्या कुठल्याच वर्गात ऐकलेला नाही.

मी सरांच्या शेजारी बसले. प्रबंध पुढे केला. त्यांनी हात सदऱ्याला पुसले, सही केली, आणि तरी पानावर उसाचा चिकट डाग पडलाच.

"सर, हिची भीती कमी झाली का?" मी विचारलं. "प्रश्नावली परत लावली असेलच तुम्ही."

"नाही लावली."

मला खरं वाटेना. "का?"

सर मुलीकडे बघत होते. ती दुसरा डाव मांडत होती.

"आत्ता कुठं तिचं जरा बरं चाललंय," ते म्हणाले. "मध्येच कशाला विचारायचं?"